आधी महिना, मग मुक्काम: खान्देशातून देश पाहायला निघताना ऋतू कसा निवडावा

आमच्या घरी सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असायचा, ‘कथा जावानं?’ कुठे जायचं. कुणी काश्मीर म्हणायचं, कुणी केरळ, आणि माय रामेश्वरचं नाव काढायची. कधी जायचं हे कुणी विचारायचंच नाही, पोरांना सुट्टी लागली की निघायचं.

अशाच एका दिवाळीत मायला घेऊन रामेश्वरला गेलो. निघालो तेव्हा जळगावात आभाळ निरभ्र होतं, पहाटे गार वारा सुटला होता, शेतात कपाशी फुटली होती. तिकडे उतरलो ते पावसातच. मंदिरातल्या २२ तीर्थांचं स्नान म्हणजे एकेका कुंडावर डोक्यावर पाणी घ्यायचं आणि तशाच ओल्या अंगानं पुढच्या कुंडाकडे जायचं. हे सगळं मायनं श्रद्धेनं केलं. पण त्यानंतर तीन दिवस तिचं लुगडं वाळलं नाही. लॉजच्या बोळात दोरी बांधून आम्ही ते पंख्याखाली टाकायचो आणि सकाळी हात लावला तर काठ तसाच ओला. धनुष्कोडीकडे जायला गाडी मिळाली नाही, होड्या किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या. तिसऱ्या दिवशी माय खिडकीत बसून म्हणाली, ‘दिवायीमा पानी?’

ठिकाण चांगलंच होतं, महिना चुकला होता. तमिळनाडूच्या किनाऱ्याला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून मी प्रश्नांचा क्रम बदलला. आधी आपण मोकळे कधी आहोत ते बघतो, मग त्या दिवसांत देशाचा कुठला कोपरा चांगला असतो ते शोधतो. आपल्या देशात एकाच आठवड्यात कुठे बर्फ असतो, कुठे पूर असतो आणि कुठे धुळीची वावटळ असते. त्यामुळे जायला वाईट असा महिनाच नाही, फक्त त्या महिन्याचं ठिकाण सापडलं पाहिजे.

पहिलं काम: आपलं स्वतःचं वर्ष कागदावर मांडा

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि ज्या दिवसांत घर सोडता येणारच नाही ते आधी खोडा. शेती असेल तर जून-जुलै पेरणी-निंदणीचे. श्रावणात कानबाईचा उत्सव, त्या वेळी सुरत-पुण्याहून भाऊबंद गावी येतात, आपण कुठे निघणार? मग पोळा, गणपती. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी आणि तिच्यासोबतच हरभरा-गव्हाची पेरणी. फेब्रुवारी-मार्चात सोंगणी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, तेव्हाही घर सोडवत नाही. मे मोकळा वाटतो, पण बागायती कपाशी लावणाऱ्याला मे अखेरीस शेतात उभं राहावंच लागतं. केळीवाल्याचं तर वर्षभर काही ना काही चालूच असतं. त्यानं निदान कापणीचे आठवडे तरी टाळावेत.

खोडून झाल्यावर बहुतेक घरांत चार खिडक्या उरतात: दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस, डिसेंबर अखेर ते जानेवारी, सोंगणी उरकल्यानंतरचा मार्च-एप्रिल, आणि आखाजीनंतरचा मे. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं नाहीत त्यांनी सप्टेंबरचा शेवट आणि फेब्रुवारी हेही जोडावेत. गर्दी नसते, भाडी उतरलेली असतात, आणि हवा बहुतेक ठिकाणी छान असते.

जानेवारी मी शक्यतो घरीच ठेवतो. बामणोदची वांगी बाजारात असतात, शेतात भरिताच्या पंगती बसतात, आणि बाहेरगावचे पाहुणे खान्देशात यायला हेच दिवस उत्तम असतात.

दुसरं काम: पाऊस कुठून येतो ते समजून घ्या

हे एकदा नीट कळलं की निम्मं काम झालं, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्याच मुलखाचं उदाहरण घ्या. नवापूरला भात पिकतो आणि तिथून पूर्वेला शिंदखेड्यात ज्वारी-बाजरीलाही आभाळाकडे बघावं लागतं. वारा तोच, ढगही तेच, पण डोंगर ओलांडताना पाणी खाली झालेलं असतं. देशभर हाच हिशेब मोठ्या आकड्यांत चालतो. आपल्या मैदानी तालुक्यांत वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर मेघालयात मौसिनराम-चेरापुंजीला ११,००० मिलिमीटरच्या वर.

नैऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, मुंबईत ११ जूनच्या सुमारास, आणि ८ जुलैपर्यंत सगळा देश व्यापतो. परत फिरायला १७ सप्टेंबरच्या आसपास पश्चिम राजस्थानातून सुरुवात होते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो बहुतेक देशातून निघून जातो. या तारखा हवामान खात्याच्या सरासरीच्या आहेत, दरवर्षी पाच-सात दिवस मागेपुढे होतात. यातून एक सोपी गोष्ट निघते: पाऊस जिथे उशिरा पोचतो तिथून तो लवकर निघतो. राजस्थान सप्टेंबर अखेरीलाच कोरडा होतो, पण केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरातही दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. म्हणून दिवाळीत केरळपेक्षा राजस्थान बरा, आणि केरळ डिसेंबर ते फेब्रुवारीत.

दुसरा पाऊस ईशान्येकडून येणारा. आमची माय ज्यात भिजली तो हाच. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूचा किनारा आणि आंध्रचा दक्षिण भाग यांना तो भिजवतो. चेन्नईत वर्षातला सगळ्यात पावसाचा महिना नोव्हेंबर. याच दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही उठतात. धनुष्कोडी गाव वाहून गेलं ते डिसेंबर १९६४ च्या वादळात. वादळांचा दुसरा हंगाम एप्रिल ते जून. पुरीला ‘फनी’ धडकलं ते ३ मे २०१९ ला. म्हणून रामेश्वर, कन्याकुमारी, मदुराई हे जानेवारी अखेर ते मार्चात करावं, आणि पुरी नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीत. अंदमानला तर दोन्हीकडचा पाऊस लागतो, तिथे डिसेंबरच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस धरा.

तिसरा प्रकार थंडीतल्या पावसाचा आणि बर्फाचा. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे वादळी हवेच्या लाटा, डिसेंबर ते मार्च काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडवर बर्फ टाकतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात अचानक गारपीट होऊन उभा गहू आडवा पडतो, त्यातही बऱ्याचदा याच विक्षोभांचा हात असतो. गुलमर्गला बर्फच बघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात; थंडी तेव्हा सर्वांत कडक असते, नळाचं पाणी गोठतं.

आणि काही जागा अशा, जिथे मोसमी पाऊस पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. लडाख आणि हिमाचलातलं स्पिती हिमालयाच्या पलीकडच्या बाजूला आहेत. अर्धा देश चिखलात असताना जुलै-ऑगस्टात तिथे निळं आभाळ असतं. पण तिथे नेणारा रस्ता पावसाच्या पट्ट्यातूनच जातो, दरडी कोसळतात, आणि क्वचित तिथेही ढगफुटी होते. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये झाली होती. त्यामुळे पावसाळ्यात लेह गाठायचं तर विमान बरं, आणि रस्त्यानेच जायचं तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडा.

ईशान्य भारताचा पाऊस एप्रिलपासूनच सुरू होतो. मेघालय, आसाम, अरुणाचल यांना नोव्हेंबर ते मार्च द्या. सिक्कीम-दार्जिलिंगहून कांचनगंगा स्पष्ट दिसावी असं वाटत असेल तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, आणि बुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुलं बघायची तर एप्रिल.

तिसरं काम: उंचीचा हिशेब घाला

जमिनीपासून हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. भुसावळ-जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर. सिमला, उटी साधारण २,२०० मीटरवर. म्हणजे उंचीमुळेच तेरा अंशांचा फरक. आपल्याकडे मेमध्ये ४४ असेल तर तिथे तिशीच्या आत-बाहेर, आणि झाडी-ढगांमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आणि आपलं तोरणमाळ त्याहून थोडं खाली, म्हणून तिथे मेमध्ये रात्र सुखाची असते पण दुपार तापतेच. कुठल्याही गावाची उंची शोधून हा हिशेब दोन मिनिटांत करता येतो.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे थंडीपेक्षा विरळ हवा जास्त त्रास देते. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस खोलीतच आराम करायचा, पाणी भरपूर प्यायचं, जिना हळू चढायचा. सहा दिवसांची रजा असेल तर ते दोन दिवस धरून हिशेब करा. हृदयाचा, दम्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

चौथं काम: महिन्याचा तक्ता वाचायला शिका

हवामान खात्याचे शहरवार सरासरी आकडे सहज सापडतात. लोक त्यात फक्त कमाल तापमान बघतात आणि फसतात. चार रकाने बघा.

कमाल आणि किमान दोन्ही बघा, कारण दोन्हींतलं अंतर कपडे ठरवतं. जैसलमेरला जानेवारीत दुपारी शर्टावर फिरता येतं आणि रात्री तंबूत पारा एक आकडी होतो. मग पावसाचे मिलिमीटर. आणि त्याच्या शेजारी पावसाचे दिवस: ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडतो तो पावसाचा दिवस धरतात. महिन्यात दोनशे मिलिमीटर पाऊस आठ दिवसांत पडत असेल तर सहल होऊ शकते, तोच अठरा दिवसांत पडत असेल तर खिडकीत बसावं लागेल.

चौथा रकाना आर्द्रतेचा, आणि आपल्या लोकांनी तो सगळ्यात आधी बघावा. आपण कोरड्या उन्हात वाढलो. डोक्याला रुमाल बांधून, कांदा खिशात टाकून ४३ अंशांत शेतात जाणारा माणूस मेमध्ये चेन्नईच्या ३७ अंशांत हैराण होतो, कारण तिथे घाम वाळतच नाही. किनाऱ्याचा एप्रिल-मे आपल्या उन्हाळ्यापेक्षा सोपा असेल असं धरून चालू नका.

पाचवं काम: दार उघडं आहे ना ते बघा

हवा चांगली असूनही रस्ता, मंदिर किंवा जंगल बंद असू शकतं.

आपल्या आखाजीच्या दिवशी गंगोत्री-यमुनोत्रीची कपाटं, म्हणजे मंदिरांची दारं, उघडतात; केदारनाथ-बद्रीनाथचीही त्याच सुमारास. केदारनाथची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते, बद्रीनाथची वसंत पंचमीला. भाऊबीजेला केदारनाथ बंद होतं, बद्रीनाथ नोव्हेंबरात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत केदारनाथचा बेत आखणारा माणूस बंद दारापाशी पोचतो. दार उघडल्यापासूनचे पहिले तीन-चार आठवडे तुफान गर्दीचे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पाऊस. १६-१७ जून २०१३ च्या महापुरात केदारनाथला काय घडलं ते कुणी विसरलेलं नाही. वयस्कर माणसं सोबत असतील तर मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सुचवीन. पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे, शिखरं स्वच्छ, रांगा लहान. थंडी मात्र सकाळ-संध्याकाळ चांगलीच असते. नोंदणी आधी करावीच लागते.

उत्तराखंडातली फुलांची घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, पण फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. श्रीनगरच्या ट्युलिपचा बहर मार्च अखेर ते एप्रिलचा तिसरा आठवडा, एवढाच. चिनारची पानं लाल होतात ती ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि ते दिवस दिवाळीच्या सुट्टीशी बऱ्याचदा जुळतात. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते. २०१८ मध्ये फुलली, आता २०३० ची वाट.

कच्छचं पांढरं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं. मीठ वाळून पांढरं होतं ते नोव्हेंबरनंतर, आणि पौर्णिमा साधली तर रात्री टॉर्चची गरज पडत नाही. व्याघ्र प्रकल्पांचे गाभा भाग बहुतेक ठिकाणी जुलै ते सप्टेंबर बंद असतात. वाघ दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त एप्रिल-मेमध्ये, कारण पाणवठे आटून दोन-तीनच उरतात. ऊन सोसायची सवय असलेल्या आपल्या माणसांना कान्हा, पेंच, ताडोबा हे मेमध्येच जमतं.

आता आपल्या खिडक्यांत ठिकाणं बसवा

दिवाळीनंतर: राजस्थान, गुजरात, काश्मीर, सिक्कीम, मेघालय. दिल्ली-आग्रा या दिवसांत टाळा. धुरकट हवेनं ताजमहालही पुसट दिसतो आणि दम्याच्या माणसाचे हाल होतात.

डिसेंबर अखेर ते जानेवारी: कच्छ, केरळ, गोवा, कर्नाटक, अंदमान. काशी-अयोध्येला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की या दिवसांत गंगेच्या मैदानात दाट धुकं पडतं आणि गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास रखडतात. त्याच यात्रेला फेब्रुवारी अखेर द्या, गाडी वेळेवर आणि घाटावर बसण्यासारखी हवा.

मार्च-एप्रिल: काशी, काश्मीरची फुलं, सिक्कीम. रामेश्वर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, नंतर उकाडा वाढतो.

मे: हिमाचल आणि उत्तराखंडचे डोंगर, पण सिमला-मनालीत अख्खा देश आलेला असतो, गाडी तासन्‌तास एका वळणावर उभी राहते. किन्नौर, चंबा, कुमाऊँ हे त्यामानाने मोकळे. पोरं लहान असतील तर मेच्या पहिल्या आठवड्यात जा, उत्तरेकडच्या शाळांना तोवर सुट्ट्या लागलेल्या नसतात.

आणि पावसाळ्यात दोन-तीनच दिवस मिळाले तर मांडू. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधवा, पुढे धामनोद, आणि वर चढलं की ढग महालांच्या कमानींतून आत येतात. उन्हाळ्यात तेच मांडू तापलेला दगड असतं. परतताना महेश्वरच्या घाटावर नर्मदा बघून या.

तिकीट, आणि निघण्याआधीचा आठवडा

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणून महिना ठरला की निघण्याच्या तारखेतून साठ दिवस मागे मोजून कॅलेंडरवर खूण करा आणि त्या सकाळी आठला तयार राहा. भुसावळ जंक्शन हे आपलं मोठं भाग्य: उत्तरेला झेलम एक्स्प्रेस, दक्षिणेला नवजीवन एक्स्प्रेस, आणि नंदुरबार-सुरत मार्गाने गुजरात. कोकण रेल्वेने गोवा-केरळ जाणाऱ्यांनी पावसाळ्यातलं वेगळं वेळापत्रक बघावं, गाड्या तेव्हा हळू चालतात.

निघण्याच्या पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज बघा. पिवळा असेल तर तयारीने जा, नारिंगी असेल तर त्या दिवसाचा घाटरस्ता बदला, लाल असेल तर जिथे आहात तिथेच थांबा. हिमालयात शेवटी नेहमी एक दिवस रिकामा ठेवा. दरड पडली तर तो कामी येतो, नाही पडली तर बाजार फिरता येतो.

परतीचा दिवस

मेमध्ये डोंगरातून परतताना एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. आठ दिवस पंधरा-वीस अंशांत राहिलेलं शरीर दुपारी दोनला भुसावळच्या फलाटावर उतरतं तेव्हा समोर ४५ अंशांची झळ असते. एकदा आमच्या धाकट्याला घरी पोचेपर्यंत ऊन लागलं, रात्रभर ताप आणि उलट्या. आता मी परतीची गाडी पहाटे किंवा रात्री उतरवणारी बघतो, मग तिच्यासाठी एक दिवस आधी निघावं लागलं तरी चालतं. इटारसीपासूनच पोरांना मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजत येतो. घरी शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी फोन करून माठ भरून ठेवायला आणि कैरीचं पन्हं करून ठेवायला सांगतो. दुसरा दिवस सगळ्यांनी घरातच काढायचा. शेतात किंवा कामावर जायचं ते तिसऱ्या दिवशी सकाळी.